वायूच्या नमुन्यातील ओलावा व दवबिंदू अचूक मोजताना

कोरड्या वायूचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्यातील वाफ दव किंवा बर्फ होऊन जमू लागते ते तापमान, चुकीचा निघाला की संशय आधी यंत्रावर जातो; पण बहुतेक वेळा दोष नमुना यंत्रापर्यंत आणणाऱ्या नळीत असतो. २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या खोलीतील हवेत पाण्याच्या वाफेचा आंशिक दाब (एकूण दाबातील फक्त वाफेचा वाटा) सुमारे १,५८० पास्कल असतो, तर उणे ६० अंश दवबिंदूच्या वायूत तो जेमतेम १ पास्कल असतो. वाफ आपल्या आंशिक दाबातील फरकानुसार वाहते. त्यामुळे नळीतील वायूचा एकूण दाब बाहेरच्यापेक्षा कितीही जास्त असला, तरी प्लास्टिकच्या भिंतीतून किंवा सैल जोडातून ओलावा आत येतच राहतो.

म्हणून नळी स्टेनलेस स्टीलची, आतून गुळगुळीत, शक्य तितकी आखूड आणि कमीत कमी जोडांची असावी. रबर, सिलिकोन व नायलॉन अशा मापनासाठी वर्ज्यच समजावेत. टेफ्लॉन मध्यम कोरड्या वायूला चालते, अतिकोरड्या वायूला नाही. वायू जेथे खेळता राहत नाही असे कोपरे, उदाहरणार्थ टी-जोडावर बसवलेला दाबमापक, जुना ओलावा धरून ठेवतात आणि तो बराच काळ थोडा थोडा सोडत राहतात. यंत्रातून बाहेर पडणारा वायू थेट मोकळ्या हवेत न सोडता एक-दोन मीटर नळीतून सोडावा, म्हणजे बाहेरची वाफ उलट दिशेने सेन्सरपर्यंत पोचत नाही.

नळीचे तापमान सर्वत्र अपेक्षित दवबिंदूच्या वर राहिले पाहिजे, अन्यथा पाणी वाटेतच साचते. ते स्थिर असणेही तितकेच आवश्यक आहे, कारण धातूच्या पृष्ठभागाला चिकटलेले पाणी ऊन लागताच सुटते आणि नळी थंड झाली की पुन्हा चिकटते. वाचन दिवसा वर आणि रात्री खाली जात असेल, तर प्रक्रियेत बदल शोधण्याआधी नळीवर ऊन पडते का, ते पाहावे. नैसर्गिक वायूचा दाब रेग्युलेटरने उतरवताना प्रत्येक बारमागे साधारण अर्धा अंश तापमान घटते; उतार मोठा असल्यास रेग्युलेटर तापवावा लागतो.

नळी आणि जोड यांची परीक्षा घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. प्रवाह दुप्पट करावा, वाचन स्थिर होऊ द्यावे आणि दोन्ही आकडे पीपीएममध्ये (दशलक्ष भागांत पाण्याचे किती भाग) ताडून पाहावेत. समजा अर्धा लिटर प्रति मिनिट प्रवाहाला १४ पीपीएम आणि एक लिटरला १२ पीपीएम मिळाले, तर बाहेरून येणारा ओलावा पहिल्या वाचनात ४ आणि दुसऱ्यात २ पीपीएम होता, म्हणजे वायूतील खरे प्रमाण १० पीपीएमच्या आसपास आहे. हा हिशेब आत येणारा ओलावा स्थिर आहे असे गृहीत धरतो, तेव्हा तो निदानापुरताच वापरावा आणि गळती शोधून काढावी. प्रवाह वाढवल्याने सेन्सरपाशी दाब वाढत नाही ना, हेही पाहावे.

दाबाची नोंद नसलेला दवबिंदू निरुपयोगी आहे. सात बार निरपेक्ष (म्हणजे निर्वातापासून मोजलेल्या) दाबाखाली उणे ४० अंश दवबिंदू असलेला वायू एक बारपर्यंत सैल सोडला, तर त्याचा दवबिंदू सुमारे उणे ५६ अंश होतो, वायूतील पाणी मात्र तेवढेच असते. त्यामुळे मापन कोणत्या दाबाला झाले आणि अहवाल कोणत्या दाबाचा आहे, हे दोन्ही लिहावे. रूपांतर करताना दाब नेहमी निरपेक्ष घ्यावा. गेजवरचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापासून मोजलेला, आकडा तसाच वापरणे ही फार वारंवार होणारी चूक आहे.

शून्याखाली आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. थंड केलेल्या आरशावर दव धरवून दवबिंदू मोजणाऱ्या यंत्रात आरशावर बर्फ जमला की अतिशीत पाणी (शून्याखालीही न गोठलेले), यावर उत्तर बदलते: बर्फाच्या हिशेबाने उणे २० अंश असलेला वायू पाण्याच्या हिशेबाने सुमारे उणे २२ अंश ठरतो. थर कोणता आहे हे सूक्ष्मदर्शकातून पाहावे, किंवा आरसा एकदा चांगला थंड करून पाणी गोठवून घ्यावे.

यंत्रांपैकी थंड आरशाचे यंत्र सर्वांत विश्वासार्ह, कारण ते दव धरण्याचे तापमानच थेट मोजते. मात्र आरसा स्वच्छ हवा आणि वायूत आधी द्रवणारे जड हायड्रोकार्बन किंवा ग्लायकॉल नसावेत. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सेन्सर स्वस्त व सोयीचा असला तरी त्याचे वाचन काळानुसार सरकत जाते, म्हणून वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करून घ्यावे; अमोनिया, क्लोरीन किंवा हायड्रोजन क्लोराइड असलेल्या वायूत तो वापरूच नये. फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या विद्युत-अपघटनी पेशीत (जेथे पाण्याचे विजेने विघटन होते) विद्युतप्रवाहावरून पाण्याचे प्रमाण काढतात, त्यामुळे तेथे वायूचा प्रवाह अचूक माहीत असावा लागतो.

वाचन केव्हा स्वीकारावे, याबाबत घाई करू नये. ओलसर नळी कोरडी व्हायला तास लागतात, उलट कोरड्या नळीतून ओला वायू आला तर वाचन लवकर चढते. यासाठी आधी अपेक्षेपेक्षा कोरड्या नायट्रोजनने नळी धुऊन मगच नमुना सोडावा, आणि वाचन एका दिशेने सरकणे थांबेपर्यंत दर काही मिनिटांनी दवबिंदू, दाब, प्रवाह व नळीचे तापमान एकत्र टिपत राहावे.