एफ/२२ नं माझं दीड वर्ष खाल्लं

लॅबमधल्या पोट्ट्यानं प्रिंट काउंटरवर पसरली आणि म्हणाला, "मॅडम, मशीन बरोबर आहे, तुमची फाइलच नरम आहे." वीस बाय तीस इंचाची प्रिंट होती, खिंडसी तलाव, पहाटेचा. रामटेक रोडवर फार्महाऊस असलेल्या एका काकांनी हॉलमध्ये लावायला मागितली होती, म्हणजे माझी पैसे मिळणारी पहिली ऑर्डर. मोबाइलवर तोच फोटो झकास दिसायचा. कागदावर मात्र काठावरची झाडं कोणीतरी ओल्या बोटानं पुसल्यासारखी. काका रागावले नाहीत, "राहू दे बेटा, पाहू नंतर" एवढंच म्हणाले, आणि ते नंतर अजून आलेलं नाही.

ज्यांनी नुकताच कॅमेरा घेतलाय आणि कोण्या मोठ्या फोटोग्राफरचे डोंगर-फुलं पाहून ज्यांची झोप उडालीय त्यांच्यासाठी हे लिहून राहिले. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ येतं असं धरते (एवढं लक्षात ठेवा, एफपुढचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक), ते शिकवायला यूट्यूबवर शंभर जण बसलेत.

माझी झोप अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं उडवली. अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या हाफ डोम ह्या डोंगराचा त्याचा १९२७ चा फोटो, पांढरट उभा कडा आणि वर जवळजवळ काळं आकाश. त्याच्याकडे शेवटी दोनच काचेच्या प्लेटा उरल्या होत्या, पहिली पिवळा फिल्टर लावून काढली, मग त्याच्या लक्षात आलं की डोळ्यासमोर जे आकाश आहे ते असं येणार नाही, म्हणून शेवटची प्लेट गडद लाल फिल्टरनं. हे वाचून मी रात्री दोन वाजता ऑनलाइन लाल फिल्टर मागवला. डिजिटल कलरमध्ये अख्खा फोटो लाल येतो. साडेचारशे रुपये गेले, हसा.

मग सापडली त्याच काळातली फोटोग्राफर इमोजेन कनिंगहॅम. घरात तीन लहान पोरं, बाहेर पडायची सोय नाही, तर बाईनं घरच्या बागेतलीच झाडं-फुलं धरली. तिचं १९२५ चं मॅग्नोलियाचं फूल एकदा पाहाच, पाकळ्यांच्या आतला तो मधला दांडा असा दिसतो की हात लावावा वाटतो. १९३२ मध्ये ह्या दोघांनी, एडवर्ड वेस्टन आणि अजून काही जणांनी मिळून सॅन फ्रान्सिस्कोकडे एक ग्रुप केला, नाव ठेवलं ग्रुप एफ/६४. लेन्सचं छिद्र बारीकात बारीक करायचं, पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं धारदार.

मला वाटलं घ्या, गुपित मिळालं. माझ्या किट लेन्सला, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सला, एफ/६४ नव्हतं, एफ/२२ होतं. लावलं. वरून एका वर्कशॉपला साडेसहा हजार भरून गेले होते, तिथल्या सरांनी प्रत्येकाला एक लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं, त्यावर छापलेलं, लँडस्केप म्हणजे एफ/१६ ते एफ/२२, आयएसओ १००, ट्रायपॉड. काहून, हे कोणीच विचारलं नाही. मी पण नाही. आणि कॅमेरा दीड वर्ष एफ/२२ वरून हलला नाही.

आता हा भाग जरा लांबेल, लांबू द्या.

छिद्र जितकं बारीक तितका प्रकाश त्याच्या कडेवर पसरतो, ह्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. समोरचा एक ठिपका सेन्सरवर ठिपका न राहता छोटी टिकली होतो, आणि ती टिकली एफ/८ ला साधारण ११ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, एफ/२२ ला साधारण ३० ची. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप, म्हणजे छोट्या, सेन्सरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एका पिक्सेलमध्ये मावायला हवा तो तपशील शेजारच्या सात-आठ पिक्सेलांच्या डोक्यावर बसून राहतो, मग तुम्ही पन्नास हजाराची लेन्स लावा नाही तर पाच लाखाची.

मग त्या लोकांचं एफ/६४ कसं चालायचं? कारण त्यांचे कॅमेरे मोठाले, ८ बाय १० इंचाची फिल्मसुद्धा वापरायचे, म्हणजे जवळजवळ वहीच्या पानाएवढी. निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढीच प्रिंट काढली की टिकली वाढतच नाही, एफ/६४ ची टिकली ०.०९ मिलिमीटरच्या आत राहते, डोळ्याला दिसत नाही. माझा सेन्सर जेमतेम २४ बाय १६ मिलिमीटर, तेवढ्याच प्रिंटसाठी त्याला दहापटीच्या वर ताणावं लागतं, टिकलीसकट. आणि कपाळावर हात मारायची गोष्ट पुढंच आहे. पुढून मागपर्यंत फोकसचा हिशोब लावला तर त्यांच्या ८ बाय १० वरचं एफ/६४ हे माझ्या क्रॉप कॅमेऱ्यावर साधारण एफ/५.६ ते एफ/६ भरतं. एफ/८ लावलं असतं तरी मी त्यांच्यापेक्षा जास्तच खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचा फोकस, घेऊन बसले असते! दीड वर्ष मी आकडा कॉपी करून राहिले होते आणि त्यांचा कॅमेरा केवढा होता हे पाहिलंच नव्हतं.

बरं, नुसतं नरम येऊन थांबलं असतं तर ठीक. एफ/२२ ला सेन्सरवरची धूळ आकाशात काळ्या डागांसारखी उमटते, आणि नागपुरातल्या मे महिन्याची धूळ तुम्हाला मी काय सांगू. दोनदा सेन्सर साफ करून घेतला. मग लेन्सवर संशय, अठरा हजाराची सेकंडहँड लेन्स आणली. तीही नरम. आणि फुलांचं तर विचारूच नका, एफ/२२ मुळे शटर जायचं १/८ सेकंदावर, महाराजबागेत झुळूक आली की शेवंतीचा भजा.

तुमची लेन्स कुठे धारदार आहे ते कोणाला विचारू नका, घरी पाहा. मी मराठी पेपरचं एक पान भिंतीला चिकटवलं, ट्रायपॉड लावला, दोन सेकंदाचा टायमर, आणि प्रत्येक अ‍ॅपर्चरला एक फोटो. कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करून पाहिलं. एफ/८ ला छोट्या जाहिरातींमधला अनुस्वार न अनुस्वार मोजता येत होता. एफ/१६ ला ते जरा सुजले. एफ/२२ ला अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळले होते. वीस मिनिटांचं काम होतं, फुकटचं, आणि मी त्याआधी पंचवीस हजारांच्या वर घालवले होते.

मॅक्रोवाल्यांनी, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणाऱ्यांनी, अजून एक लक्षात ठेवा. फूल खऱ्या आकाराएवढं सेन्सरवर घेता, म्हणजे १:१, तेव्हा एफ/११ लिहिलेलं असलं तरी डिफ्रॅक्शन एफ/२२ सारखंच होतं. जास्त खोली पाहिजे तर फोकस थोडाथोडा सरकवत पाच-सात फोटो घ्या आणि नंतर जोडा. वारा असेल तर तेही विसरा, एका पाकळीची एकच कडा धारदार ठेवा, तेवढ्यानं भागतं.

घाबरू नका पण. किट लेन्स पुरते, खरंच पुरते. माझ्या आजवरच्या बऱ्या फुलांतली निम्मी गच्चीवरच्या कुंड्यांतली आहेत. जास्वंद एकच दिवस टिकते आणि आईला ती साडेसहाला पूजेला लागते, म्हणून मला त्याआधी उरकावं लागतं, आणि नेमका तोच सावलीतला मऊ प्रकाश. मागे आईची काळी छत्री, बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल. परागांचे ते पिवळे ठिपके आणि टोकाला पाच लाल गोंडे नीट दिसायला लागले ते एफ/८ वर आल्यावर.

नागपुरात डोंगर नाहीत म्हणून रडणारेही पुष्कळ, मीही त्यातलीच. त्यावर औषध म्हणजे एलियट पोर्टर. शिकून डॉक्टर झाला, हार्वर्डची नोकरी सोडली आणि पक्षी, पानं, ओढ्यातले दगड यांचे रंगीत फोटो काढत बसला. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचं प्रदर्शन लागलं. त्याच्या कितीतरी फोटोंत आकाशच नाही. हे कळल्यावर सेमिनरी हिल्सकडे मी वेगळ्या नजरेनं पाहायला लागले, फेब्रुवारीच्या शेवटी पळसाखाली पडलेला केशरी सडा आणि त्यात एखादं करपलेलं सागाचं पान, झाला लँडस्केप. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, मात्र घ्या, पानांवरची चमक नंतर एडिटिंगमध्ये जात नाही. प्रीसेट, म्हणजे एडिटिंगची तयार सेटिंग, विकत घेणार असाल तर तेच पैसे तर्री पोह्यावर घाला.

पोटाचं विचाराल तर निव्वळ लँडस्केपवर इथं घर चालत नाही, निदान माझं नाही. लग्नं करते, दोन नर्सऱ्यांचे कॅटलॉग करते, आणि ते काम फुलांमुळेच मिळालं. नोकरी सोडून ह्यात उडी मारू नका, मी सांगून राहिले. ट्रिपला नेणाऱ्या गुरूपेक्षा तुमची रॉ फाइल (कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाइल) उघडून शिव्या घालणारा माणूस शोधा, माझ्यासाठी तो लॅबमधला पोट्टाच निघाला. अजून जाते त्याच्याकडे, तो अजून नाक मुरडतो.

परवा बाबांना पहाटे साडेपाचला अ‍ॅक्टिव्हावर बसवून अंबाझरीला नेलं. अख्खं गाव ज्या जलपर्णीच्या नावानं बोटं मोडतं तिला फुलं आली होती, फिकट जांभळी, वरच्या एका पाकळीवर मोरपिसातल्या डोळ्यासारखा निळा डाग आणि त्याच्या आत पिवळा. बाबा वाऱ्याच्या बाजूनं छत्री आडवी धरून उभे, मी चिखलात गुडघे टेकून, एफ/८, १/२५०. पाऊण तास झाला. शेवटी त्यांना स्क्रीनवर दाखवलं तर चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्या कचऱ्यासाठी उठवलं होतं काय मले?" मग थोडं थांबून, "मोठं करून दाखव बरं."