रिमोटचे पहिले विमान घेण्यापूर्वीची तयारी

रिमोटवर उडणारे पहिले विमान विकत घेण्यापूर्वी ते कोठे उडवणार हे निश्चित करावे, कारण माडांच्या रांगा, विजेच्या तारा आणि घरे यांच्यामधून गोव्यात मोकळी जागा शोधणे हे विमान शोधण्यापेक्षा कठीण आहे. भातकापणीनंतर कोरडे पडलेले शेत नवशिक्याला सर्वांत सोयीचे, कारण मऊ जमिनीवर आपटलेले विमान बहुधा दुरुस्त होते. मात्र शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि तेथे वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरचे, पीक घेतले जाणार आहे का, हेही विचारून ठेवावे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जागा ऐसपैस असली तरी त्या दगडावर प्रोपेलर आणि चाके टिकत नाहीत. किनाऱ्यावरची वाळू व खारा वारा मोटर आणि सर्व्हो (विमानाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) यांना मारक ठरतात, आणि मोरजी किंवा आगोंद यांसारख्या, कासवे अंडी घालतात त्या किनाऱ्यांचा तर विचारही करू नये.

जागा ठरली की डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते ते पाहावे. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या एवढ्याशा राज्यात हे टाळता येत नाही. रिमोटच्या विमानांनाही लागू असलेल्या २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, तर विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. शिकण्यासाठी १०० फूटही पुरतात.

विमान निवडताना पंख धडाच्या वर बसवलेला, त्याची दोन्ही टोके किंचित उचललेली, फोमचे अंग आणि एक ते दीड मीटर पंखविस्तार असलेले ट्रेनर (शिकाऊ विमान) घ्यावे. असे विमान कमी वेगातही तरंगते आणि रिमोटची स्टिक सोडल्यास बऱ्याच अंशी स्वतःच सरळ होते. प्रोपेलर मागच्या बाजूला असेल तर नाकावर पडूनही तो वाचतो. स्पिटफायरसारखी लढाऊ विमाने कितीही मोहात पाडोत, ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या खरेदीसाठी ठेवावीत; वेग कमी होताच त्यांचे एक टोक कलते आणि सावरायला उंची उरत नाही. एकट्याने शिकणाऱ्याने तीन चॅनलचे (रिमोटने तीन गोष्टी स्वतंत्रपणे चालवता येणारे), तर जाणकार सोबत असल्यास एलेरॉनसह (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांसह) चार चॅनलचे घ्यावे. जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण) असेल तर तो बंद करता येतो ना, याची खात्री करावी. सुटे पंख, शेपटी आणि प्रोपेलर मिळत नसतील तर ते मॉडेल सोडून द्यावे, कारण माडात अडकलेले विमान पाडेलीने (माडावरून नारळ पाडणाऱ्याने) उतरवून दिले तरी ते अखंड हाती येईलच असे नाही, आणि पाडेली तरी आजकाल कुठे वेळेवर मिळतो!

ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, २.४ गिगाहर्ट्झचा असावा आणि त्याचा मोड (कोणती स्टिक काय चालवते ती मांडणी) शिकवणाऱ्याच्या मोडशी जुळावा. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. हा गोंधळ आधी संगणकावरील सिम्युलेटरवर जिरवावा.

लिथियम पॉलिमर बॅटरीसाठी बॅलन्स चार्जरच (प्रत्येक सेल सारखा भरणारा) वापरावा, चार्जिंग सुरू असताना तेथून हलू नये आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती ठेवू नये. उड्डाणासाठी समुद्रावरचा वारा सुरू होण्यापूर्वीची सकाळ निवडावी. त्या दिवशी पुस्तिकेत दाखवलेल्या खुणेवर विमानाचा तोल तपासावा, कारण शेपटीकडे जड असलेले विमान आवरत नाही. रेंज (रिमोटचा पल्ला) व पंख-शेपटीवरील प्रत्येक हलत्या पट्टीची दिशा पाहावी. आणि ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते का, हे विमान घट्ट धरून पडताळावे. हातातून सोडताना तोंड वाऱ्याकडेच असावे. जूनपासून पावसाळाभर विमान बांधून ठेवायचे असल्यास बॅटरी प्रत्येक सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर आणून कोरड्या जागी ठेवावी.