डोंगरातल्या रिओकानमध्ये शाकाहारी जेवण हवे असल्यास

जपानमध्ये कुरोकावासारख्या डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या गावी रिओकानमध्ये (पारंपरिक जपानी अतिथीगृहात) राहणार असाल आणि शाकाहारी असाल, तर ते पोहोचल्यावर नव्हे, आरक्षण करतानाच लेखी कळवावे, कारण रात्रीच्या अनेक पदार्थांच्या जेवणाची तयारी आधीच झालेली असते आणि उशिरापर्यंत उघडी राहणारी उपाहारगृहे अशा गावांत मोजकीच असतात. केवळ ‘मांस-मासे नको’ एवढे लिहून भागत नाही. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, टोफूवरचा रस्सा या साऱ्यांत मुरलेला ‘दाशी’ हा अर्क सहसा धुरी देऊन वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या (आपल्याकडच्या कुपा माशाच्या कुळातल्या) किसापासून काढतात. म्हणून ‘कोम्बू हे समुद्री शेवाळ किंवा शिताके अळंबी यांचा दाशी चालेल’ असे स्पष्ट सुचवावे. काही रिओकान नम्रपणे नकार देतात, आणि तो नकार घरी असतानाच मिळालेला बरा. अशा वेळी जेवणाविना खोली मिळेल का, हे विचारावे आणि सोबत स्वतःचा शिधा ठेवावा. जेवण साधारण संध्याकाळी ६ ते ७ च्या सुमारास वाढतात, त्यामुळे दुपारी ३-४ पर्यंत पोहोचल्यास त्याआधी कुंडातले स्नान निवांत उरकता येते.