ठासणीचं रिव्हॉल्व्हर भरताना

कुडाळच्या घरी आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. बार भरताना ते कुणाशी बोलत नसत. आता मी सिनसिनाटीला असते आणि माझ्याकडे १८५८च्या रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरची, इटलीत घडवलेली .४४ची प्रतिकृती आहे. भाच्या, तू शनिवारी पहिल्यांदा माझ्याबरोबर रेंजवर येतोयस, म्हणून सगळं आधीच लिहून ठेवते. भरताना मीही बोलणार नाही.

सगळ्यात आधी दारू. यात फक्त काळी दारू चालते, सोरा-गंधक-कोळशाची, किंवा तिच्या जागी वापरायला मुद्दाम बनवलेली. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा नाही. तिचा दाब इतका भयंकर असतो की सिलिंडर, म्हणजे बार भरायचं सहा कप्प्यांचं फिरतं नळकांडं, हातातच फुटेल. माझ्या बाकावर दारूचा एकच डबा असतो, मूळ लेबलाचा, आणि भरून झालं की त्याचं झाकण लगेच लागतं.

चष्मा आणि कानांत आवाज अडवणारे बोळे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. मग सहाही कप्पे रिकामे आहेत ना ते डोळ्यांनी बघायचं, आतलं तेल फडक्याने टिपायचं. निपलांवर, म्हणजे कप्प्यांमागच्या पोकळ बोंडांवर, नुसत्या टोप्या (आपटल्या की ठिणगी देणाऱ्या) चढवून, नळी समोरच्या गवताकडे धरून एकेक उडवायची. गवताचं पातं दर वेळी हललं पाहिजे. हललं नाही तर त्या निपलात तेल किंवा कचरा अडकलाय, तारेने साफ कर. त्या जळलेल्या टोप्या काढून टाकल्या की मगच दारू.

घोडा (टोपीवर आपटणारा मागचा खटका, चाप नव्हे) अर्ध्यावर ओढला की सिलिंडर मोकळं फिरतं. नळी वर, पण तोंड आणि हात तिच्या रेषेबाहेर. डब्यातून थेट कप्प्यात कधीच ओतायचं नाही. आत एखादी ठिणगी राहिली असेल तर अख्खा डबा पेटेल. आधी पितळी मापात, मग कप्प्यात. मी तीन एफ, म्हणजे बारीक दाण्याची, २५ ग्रेन (दारू मोजायचं माप) घेते. त्यावर तेलात मुरवलेली वाटोळी चकती, त्यावर .४५४ इंच व्यासाची शिशाची गोळी, आणि नळीखालचा दांडा ओढून ठासायची. गोळी आत शिरताना कप्प्याच्या तोंडाशी शिशाची बारीक, चकचकीत कडी सोलून निघते. ती अखंड निघाली तर गोळी घट्ट बसली. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहता कामा नये. दारू कमी घेतलीस तर मधे थोडा रवा घाल. इथले लोक क्रीम ऑफ व्हीट घालतात, तो आपला रवाच.

चकती आणि कडी यांबद्दल मी इतकी हट्टी का, ते सांगते. एकदा शेजारच्या बाकावर कुणाचे तरी दोन बार एकदम उडाले. एका कप्प्याची आग दुसऱ्यात शिरली होती, गोळ्या सैल होत्या आणि चकत्या नव्हत्याच. सैल बसलेल्या टोप्यांमुळेही असं होतं, म्हणून निपलाच्या मापाच्याच टोप्या घे, १० किंवा ११ नंबर. त्या माणसाला काही झालं नाही, कारण त्याचा दुसरा हात सिलिंडरच्या पुढे नव्हता. तुझाही नसावा.

कप्पे पाचच भरायचे, घोडा सहाव्या रिकाम्यावर. टोप्या सगळ्यात शेवटी, नळी लक्ष्याकडे असताना.

चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर हलू नकोस. नळी लक्ष्यावरच ठेवून पूर्ण एक मिनिट मोज. दारू उशिरा पेटू शकते. मग नवी टोपी. डोकावून बघायचं नाही, कधीच नाही.

कायद्याचंही लक्षात ठेव. अमेरिकेत दर राज्याचे नियम वेगळे आहेत, आणि भारतात चालतं हत्यार परवान्याशिवाय बाळगता येत नाही, जुन्या घाटाचं असलं तरी. तिकडे न्यायचा विचारही करू नकोस.

परत आल्यावर आधी सफाई, मग जेवण. जळलेल्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड लगेच गंजू लागतं. निपल काढायची, सिलिंडर आणि नळी कढत साबणाच्या पाण्यात घासायची, फडकं पांढरं निघेपर्यंत. लोखंड गरम असतानाच कोरडं करून तेल लावायचं. पुढच्या वेळी गवताचं पातं हलवून जाळायचं ते हेच तेल.