वायरलेस व्हिडिओ ट्रान्समिटर वापरताना या चुका टाळा

लग्नात, साखरपुड्यात किंवा एखाद्या सभेत फिरत्या कॅमेऱ्याचे चित्र स्विचरपर्यंत (अनेक कॅमेऱ्यांतून एक चित्र निवडणाऱ्या यंत्रापर्यंत) आणि तेथून एलईडी वॉलवर बिनतारी नेण्याची पद्धत आता तालुक्याच्या गावांतही रूढ झाली आहे. तिच्याबरोबर एक ठरलेली तक्रारही आली आहे. सकाळी रिकाम्या मंगल कार्यालयात चाचणी घेतली तेव्हा चित्र अगदी स्वच्छ होते आणि मंगलाष्टके सुरू झाल्यावर ते अडखळू लागले. अशा वेळी ‘रेंज कमी पडली’ असे म्हणून दोष यंत्राच्या माथी मारला जातो, परंतु बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसून ते ठेवण्याच्या जागेचा असतो.

कॅमेऱ्यावरचा ट्रान्समिटर आणि त्याचे चित्र पकडणारा रिसीव्हर यांचे हे संच प्रामुख्याने 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तेथील लहरींची लांबी सुमारे 5 ते 6 सेंटीमीटर असते आणि माणसाच्या शरीरातील पाणी त्या मोठ्या प्रमाणात शोषून घेते. पाहुणे खुर्च्यांवर बसलेले असतात तोवर टेबलावर ठेवलेल्या रिसीव्हरला कॅमेरा दिसत राहतो. अक्षता हातात घेऊन सगळे एकदम उभे राहिले आणि निम्मे जण स्टेजकडे सरकले की रिसीव्हर आणि कॅमेरा यांच्यामध्ये माणसांची भिंत उभी राहते. त्यामुळे रिसीव्हर स्विचरच्या टेबलावर ठेवणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय. तो लाइटच्या स्टँडवर आठ-नऊ फूट उंच चढवावा आणि तेथून खाली केबल आणावी. केवळ दोन टोके एकमेकांना दिसली म्हणजे झाले असेही नाही. अंतर 50 मीटर असेल, तर मध्यावर त्या सरळ रेषेभोवती साधारण 80 सेंटीमीटर त्रिज्येची जागा मोकळी असावी लागते. संचाच्या खोक्यावर छापलेले 400 फुटांसारखे अंतर हे मोकळ्या मैदानातील असते, गच्च भरलेल्या सभागृहातील नव्हे.

उंची मिळते म्हणून रिसीव्हर थेट ट्रसच्या (दिवे टांगण्याच्या सांगाड्याच्या) लोखंडाला चिकटवून बांधणे, एलईडी वॉलच्या मागे पॉवर सप्लायजवळ ठेवणे किंवा वायफाय राउटरच्या शेजारी ठेवणे हेही तितकेच घातक आहे. अँटेनांच्या बाबतीत तर निष्काळजीपणा फारच दिसतो. साध्या काडीसारख्या अँटेनेचा जोर तिच्या कडेच्या दिशेने असतो, टोकाच्या दिशेने जवळजवळ नसतो. म्हणून ती रिसीव्हरकडे रोखून न धरता दोन्ही बाजूंच्या अँटेना उभ्या ठेवाव्यात. कॅमेरामनने रिसीव्हरकडे पाठ केली आणि ट्रान्समिटर गिंबलवर (कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) छातीच्या उंचीवर असला, तर त्याचे स्वतःचे शरीरच आड येते. रिसीव्हरची जागा ठरवण्यापूर्वी मुहूर्ताच्या वेळी कॅमेरा कोणत्या बाजूला तोंड करून उभा असेल, हे त्यालाच विचारून घ्यावे.

भारतात 5150 ते 5350 आणि 5470 ते 5875 मेगाहर्ट्झ हे भाग 2018 च्या नियमांनुसार ठरावीक शक्तिमर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतात. सोय मोठी आहे, पण याचाच दुसरा अर्थ असा की तेथे इतरांच्या अडथळ्यापासून कोणालाही संरक्षण नाही. कार्यालयाचे वायफाय, पाहुण्यांचे हॉटस्पॉट आणि आपल्याच चमूचा ड्रोन असे सगळे त्याच पट्ट्यात दाटी करू शकतात. चॅनेल सकाळी निवडून मोकळे होण्याऐवजी गर्दी जमल्यावर पुन्हा एकदा तपासावे, दोन संच असतील तर त्यांचे चॅनेल शक्य तितके दूर ठेवावेत आणि ड्रोनला शक्य असल्यास 2.4 गिगाहर्ट्झवर चालवावे.

चित्र अडखळणे आणि चित्र मुळीच न येणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. जोडणीचा दिवा स्थिर असून पडदा काळा असेल, तर लहरींना दोष न देता कॅमेरा साध्या केबलने मॉनिटरला जोडून पाहावा. अनेकदा कॅमेरा फोरके (4K) चित्र बाहेर पाठवत असतो आणि ट्रान्समिटर फक्त 1080 ओळींपर्यंतचेच स्वीकारतो. सेट-टॉप बॉक्स किंवा काही लॅपटॉप जोडले असतील, तर एचडीसीपी हे नक्कलरोधक कुलूप आडवे येते. चित्रावर रंगीत ठिपके चमकत असतील, तर कॅमेऱ्याच्या बाजूची ढिली मायक्रो एचडीएमआय पिन आधी पाहावी. ते छिद्र नाजूक असते, त्यामुळे केबल क्लॅम्पने बांधूनच ठेवावी. वॉलवर शटर आणि बॅटरीचे आकडे झळकत असतील, तर कॅमेऱ्यातील एचडीएमआयवरील माहिती बंद करण्याचे राहून गेले आहे.

चित्र किंचित उशिरा पोहोचणे, म्हणजे विलंब, हा दोष नव्हे, तो गृहीत धरायचा असतो. प्रतिसेकंद 25 फ्रेम असतील, तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची होते आणि मध्यम किमतीचे संच दोन-अडीच फ्रेम मागे राहतात. त्यात स्विचर आणि वॉलचा प्रोसेसर आपापली भर घालतात. थेट प्रक्षेपणात किंवा रेकॉर्डिंगमध्ये आवाज तेवढाच मागे ढकलावा, सभागृहातील स्पीकरचा आवाज मात्र ढकलू नये, कारण समोर बसलेले लोक गायिकेचे ओठ प्रत्यक्ष पाहत असतात.

वीज हा उरलेला मुद्दा आहे. एनपी-एफ प्रकारच्या स्वस्त बॅटऱ्यांवर छापलेली क्षमता खरी मानू नये. फुगलेली बॅटरी तर खोबणीतच अडकून बसते. मे महिन्याच्या उन्हात पंख्याची जाळी टेपने किंवा कपड्याने झाकली गेली, तर ट्रान्समिटर तापून आपोआप बंद पडतो. एसडीआय (एचडीएमआयऐवजी व्यावसायिक कॅमेऱ्यांत असणारी व्हिडिओ जोडणी) वापरणाऱ्यांनी आधी वीज जोडावी आणि एसडीआय केबल सर्वांत शेवटी लावावी, काढताना ती प्रथम काढावी. हा क्रम उलटल्याने पोर्ट जळण्याचा धोका असतो.

मुख्य कॅमेऱ्यासाठी तारेची एक वाट तयार ठेवावी. तांब्याची साधी एचडीएमआय केबल 15 मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, म्हणून एसडीआय किंवा ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. ऑप्टिकल केबलच्या एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असे छापलेले असते. गालिच्याखाली अंथरण्यापूर्वी ते वाचून घ्यावे, उलटी अंथरलेली केबल चित्र देत नाही.