कडधान्य बाधत नाही, घाई बाधते: या चुका टाळा

गेली १८ वर्षं मी घरून डबे देते, आणि तेवढीच वर्षं घरात कुत्रा-मांजर आहे. त्यामुळे नव्याने स्वयंपाक शिकणारी मुलं आणि नव्याने कुत्रं पाळणारी घरं, दोघांचेही फोन मला येतात. तक्रारी ठरलेल्या असतात. "मावशी, उसळ खाल्ली की पोट फुगतं." "काकू, राजमा सोसत नाही." "टॉमी कालपासून मरगळलाय हो." मी एकच विचारते, शिजवलं कसं? तिथेच उत्तर सापडतं. धान्य तेच आणि पोटही तेच, पण मधली भिजवण्या-शिजवण्याची पायरी कुणीतरी उडवलेली असते.

राजमा कोमट आचेवर शिजवणं

या चुकीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, म्हणून आधी हीच सांगते.

माझा भाचा शिकायला परदेशी गेला. तिथे त्याने कुणाकडून तरी जुना स्लो कुकर घेतला. विजेवर चालणारं हे भांडं, मंद आचेवर सात-आठ तास तापत राहतं. सकाळी तांबडा राजमा, पाणी, मीठ, मसाला सगळं एकदम त्यात घालून तो कॉलेजला गेला. भिजवलं नव्हतं. संध्याकाळी तिघे जेवायला बसले. दाणे दाताखाली थोडे कचकचत होते, पण भूक लागलेली होती आणि रस्सा छान झाला होता. दोन तासांत तिघांनाही उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. रात्री त्याचा फोन आला, "मावशी, राजमा खराब निघाला."

राजमा चांगलाच होता, तो शिजलेला नव्हता. राजम्यात, त्यातही तांबड्या राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे पोटाला बाधणारं एक प्रथिन, भरपूर असतं. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि त्रास १ ते ३ तासांत सुरू होतो. खरा धोका पुढेच आहे. साधारण ८० अंश सेल्सियसपर्यंतच तापलेला राजमा कच्च्या राजम्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. मंद आचेचं भांडं नेमकं तिथेच घुटमळतं. पाणी खळखळून उकळलं, की हे लेक्टिन मोडतं. त्याला किमान १० मिनिटं लागतात. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ५ तास भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात ३० मिनिटं उकळायला सांगतं.

माझी पद्धत अशी. रात्री भिजवते. सकाळी पाणी ओतून देते, दोनदा धुते. ताज्या पाण्यात झाकण न ठेवता १० मिनिटं खळखळून उकळते, फेस काढते. मग कुकरला पाच शिट्ट्या, आणि आच बारीक करून आणखी १५ मिनिटं. कुकर उघडल्यावर तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांतले तीन दाणे अंगठा आणि बोटात दाबते. एकाही दाण्याच्या मध्यात पांढरी कणी लागली, तर झाकण परत लावते. पाहुणे दारात उभे असले तरी लावते. जुन्या राजम्यात गणंग दाणे राहतातच. ते वाढताना बाजूला काढा, "चालतंय की" म्हणून चावू नका.

भिजवायचं पाणी त्याच भांड्यात ठेवणं

पोट फुगण्याचं मोठं कारण हे आहे. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या पचवायचं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि वायू तयार होतो. भिजवलं की या साखरांचा काही भाग पाण्यात उतरतो. ते पाणी फेकलं तर तेवढा त्रास कमी होतो. "त्यात जीवनसत्त्वं असतात" म्हणून तेच पाणी वापरणारे मला भेटतात. थोडी असतातही. पण छोले, राजमा, वाल यांच्या बाबतीत मी पोटाचं ऐकते.

मोड आणायला कंटाळा करणं, आणि मोड कच्चेच खाणं

मोड येताना दाण्यातलं फायटिक आम्ल कमी होतं. हे आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. म्हणजे मटकीची उसळ आणि नुसती भिजवलेली मटकी एकच नव्हे. मटकी रात्री भिजवा, सकाळी निथळून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधा, वर झाकण ठेवा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड फडक्यातून डोकावतात, थंडीत आणखी एक दिवस लागतो. गाठोडं सोडताना आधी वास घ्या. आंबूस वास आला किंवा बोटांना बुळबुळ लागली तर सगळं टाकून द्या, धुऊन वाचवायला जाऊ नका.

मोड येतात ती ऊब आणि ओल जंतूंनाही आवडते. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय नावाचा जंतू पसरला आणि ५० हून जास्त माणसं दगावली. म्हणून मी कोशिंबिरीसाठीसुद्धा मोड वाफवून घेते. आमच्या आया-आज्या उसळ शिजवूनच करत आल्या. वरून लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. आणि उसळीमागोमाग चहा घेऊ नका, तो हेच काम उलटं करतो.

लवकर शिजावं म्हणून सोडा

ब-१ जीवनसत्त्व सोड्याने नष्ट होतं. आठ तास आधी आठवण ठेवायची नाही म्हणून चिमूटभर सोडा, हे मला पटत नाही.

आमसूल, चिंच, टोमॅटो आधीच घालणं

आंबट पदार्थात डाळीची साल आणि पेशी मऊ व्हायला वेळ लागतो. आधी शिजू द्या, मग आंबट घाला. बोअरचं जड पाणी असेल तरी हाच त्रास होतो. त्या घरांत डाळीला कमी क्षारांचं पिण्याचं पाणी वापरा.

अंडं कच्चं पिणं

तालमीतल्या पोरांनो, शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं पचतात, कच्च्यातली जेमतेम ५०. उकडा आणि खा.

आपल्या पातेल्यातलाच रस्सा कुत्र्याला

आता ज्याच्यासाठी मी लोकांशी अक्षरशः भांडते ते सांगते.

शेजारच्या वहिनींकडे १४ किलोचा कुत्रा होता, फार गुणी. घरात पाहुणे आले, आठवडाभर रोज मटण नाहीतर अंड्याचा रस्सा. उरलेला रस्सा भातावर घालून रोज त्याला दिला. पाचव्या दिवशी तो जिन्याच्या तीन पायऱ्या चढून बसला आणि उठेना. वहिनींनी मला बोलावलं. मी त्याचा ओठ वर केला, हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या. लघवी चहासारखी लालसर. रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कांदा खाल्लाय का?" वहिनी म्हणाल्या, "छे हो, कांद्याचा एकही तुकडा नसतो, मी रस्साच घालते."

तो रस्सा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा होता.

कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फोडतात. भाजा, तळा, वाटा, वाळवून पूड करा, ती जात नाहीत. कुत्र्याला त्याच्या वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा धोक्याचा ठरतो, मांजराला किलोमागे अवघे ५ ग्रॅम. १४ किलोच्या कुत्र्याचा हिशोब २१० ग्रॅमपासून सुरू होतो, म्हणजे मध्यम आकाराचे दोन कांदे. चार माणसांच्या वाटणात तेवढे सहज असतात. शिवाय रोज थोडं-थोडं गेलं तरी नुकसान साठत जातं. लक्षणं त्याच दिवशी दिसतील असं नाही, काही दिवसांनी दिसतात, म्हणून लोकांना कारणच कळत नाही. तो कुत्रा वाचला, पण पूर्ववत धावायला त्याला महिना लागला.

माझ्याकडे कुत्र्याचं पातेलं वेगळं आहे, फोडणीच्या आधीच त्याचा वाटा काढते. भात आपल्यापेक्षा मऊ, आसट. कुत्र्याला लांडग्यापेक्षा पिष्ट चांगलं पचतं, पण ते नीट शिजलेलं असेल तर. शिजलेली हाडं मुळीच नाहीत, ती टोकदार तुकड्यांत फुटतात आणि आतडं फाडू शकतात. द्राक्षं आणि मनुकेही नाहीत, त्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. शिऱ्यातला मनुका "एकच तर" म्हणून भरवू नका.

मांजराला दूध-पोळीवर ठेवणं

मांजराला टॉरिन नावाचा घटक बाहेरून, मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ साली स्पष्ट झाला. दूध-पोळीतून तो जवळजवळ मिळतच नाही. मांस पाण्यात उकळलं की टॉरिन त्या पाण्यात उतरतं, आणि लोक नेमकं तेच पाणी मोरीत ओततात आणि चोथा मांजराला देतात. काही माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं विकरही असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. म्हणून बाजारातून आणलेली मासळी कच्चीच पुढे टाकू नका. मी मासळीचे तुकडे बेताच्या पाण्यात, मीठ-मसाला न घालता, झाकण ठेवून उकडते, काटे काढते, आणि उरलेलं पाणी गार करून त्यावरच ओतते. आमची मनी आधी ते पाणी चाटून संपवते, मग मासळीला तोंड लावते.