ठोकळे धूळ खातायत? या चुका टाळा

"एवढे महागाचे लाकडी ठोकळे आणले, दोन दिवस खेळला आणि आता हातही लावत नाही." लहान मूल असलेल्या घरात ही तक्रार ठरलेली. ठोकळे, खोकी, जुन्या ओढण्या, करवंट्या यांना नेमून दिलेलं काम नसतं, म्हणून तर ती द्यायची. पण खेळ रंगायच्या आत तो मोडायला आपण मोठी माणसं पुरेशी असतो.

माझंच सांगते. भाचा साडेतीन वर्षांचा. त्यानं ठोकळ्यांची रांग लावून वर चहाची गाळणी उपडी ठेवली होती. मी कौतुकानं विचारलं, "अरे वा, घर का?"

"कचऱ्याची गाडी."

"मग चाकं कुठायत?"

त्यानं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. गाळणी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. खेळ खलास. चाकांवाचून गाडी मजेत चालली होती, बंद पाडली मी. आता "हे काय केलंस?" असं विचारत नाही. बाजूला बसून भाजी निवडते. गाडी जवळ आलीच तर "ओला कचरा इकडे आहे हो" म्हणून देठं पुढे करते. एवढं चालतं, कारण ते खेळातलंच बोलणं असतं. खोक्यावरच्या चित्राप्रमाणे किल्ला 'करून दाखवणं' ही याचीच थोरली बहीण. ते खोकं सरळ माळ्यावर टाका.

दुसरी चूक खरेदीतली. पाच प्रकारचे दहा-दहा तुकडे घेतले की धड घर होत नाही, धड रस्ता. त्यापेक्षा एकाच प्रकारचे पन्नास-साठ घ्या. विविधता तुकड्यांत नाही, रचनेत असते. लेगोच्या आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या फक्त सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात.

मनोरा सारखा कोसळतो आणि मूल चिडून उठतं, असं होत असेल तर आधी ठोकळ्यांची मापं घेऊन बघा. न्यूयॉर्कच्या शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी शंभरेक वर्षांपूर्वी आखलेल्या ठोकळ्यांत जाडी, रुंदी, लांबी १:२:४ अशी असते, म्हणून दोन अर्धे बरोबर एका अख्ख्याएवढे भरतात. मापं चुकलेल्या स्वस्त संचात हे जमत नाही, मग दोष पोराच्या माथी. ओळखीच्या सुताराकडून याच प्रमाणात उरलेल्या लाकडाचे तुकडे कापून घ्या आणि पॉलिश पेपरनं कडा नीट घासा. प्लायचे नकोत, कुसळं निघतात.

'लाकडी म्हणजे झालं' हाही एक गैरसमज. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगवलेली फळं मला जीव की प्राण, पण लाकडी आंबा बहुतेक वेळा आंबाच राहतो. पुठ्ठ्याचं खोकं मात्र सकाळी दुकान, दुपारी विमान. अमेरिकेत रॉचेस्टरच्या संग्रहालयात खेळण्यांचं एक सन्मान-दालन आहे. तिथे २००५ साली या खोक्याला जागा मिळाली आणि २००८ साली चक्क काठीला. आपल्याकडच्या पोरांनी ही निवड कधीच केली होती.

सगळी टोपली एकदम ओतू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या टोलेडो विद्यापीठाच्या अभ्यासात लहानग्यांपुढे कधी चार, कधी सोळा खेळणी ठेवली. चार असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आम्ही निम्मी पिशवी कपाटात ठेवतो आणि दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करतो. कंटाळा आलेल्या ओढण्या परत आल्या की पुन्हा नव्या.

तीन वर्षांखालच्या मुलाला चिंचोके, कवड्या, बटणं बिलकुल नकोत, आजीनं कितीही प्रेमानं जमवलेली असली तरी. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात अख्खी मावणारी वस्तू या वयाला धोक्याची, घशात अडकू शकते. सुटी लोहचुंबकं आणि बटण-सेल तर मोठ्या मुलांपासूनही लांब ठेवा.

आणि आवराआवरी. "झोपायची वेळ झाली, भर सगळं" म्हटलं की दुपारभर वसवलेलं गाव पिशवीत जातं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्यापासून वसवायचा उत्साह कुणाला असतो? आमच्याकडे जेवायचा जुना पाट दिलाय. डाव त्यावरच मांडायचा. रात्री पाटासकट उचलून कपाटावर, सकाळी पुन्हा खाली. काल कचऱ्याची गाडी तशीच वर गेली, गाळणीसकट. सकाळचा चहा आम्ही फडक्यानं गाळला.